आजारपणात दोन घड्याळं बघत बसलेल्या हायगेन्सला जे दिसलं, ते आज डेटा पकडणाऱ्या चिपमध्ये घडतंय

बारावीला सायन्स घेतलेल्यांना हायगेन्स हे नाव ओळखीचं असतं. प्रकाशाच्या धड्यात त्याचं तत्त्व येतं, मार्कांपुरतं लिहिलं जातं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. पण या माणसाची खरी भारी गोष्ट घड्याळांची आहे. तुम्ही लॅपटॉपला हार्ड डिस्क लावून पिक्चर कॉपी करता, तेव्हा चिपमध्ये जे चालतं त्याच्याशी तिचा संबंध आहे.

ख्रिस्तिआन हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ चा, नेदरलँड्समधल्या द हेग शहरातला. वडील कवी आणि ऑरेंज घराण्याचे सचिव. देकार्तसारख्या तत्त्वज्ञाची घरी ये-जा असायची. पोराला लायडनला कायदा शिकायला पाठवलं, पण त्याचं मन गणितात रमलं. मग भावासोबत काचा घासून त्यानं दुर्बिणीची भिंगं बनवली आणि १६५५ मध्ये शनीचा चंद्र टायटन शोधून काढला. तेव्हा वय होतं २५.

पुढच्याच वर्षी त्यानं लंबकाचं घड्याळ बनवलं. तोवरची घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं मागेपुढे जायची. ही चूक काही सेकंदांवर आली.

पण हायगेन्सला भिंतीवरच्या घड्याळात समाधान नव्हतं. त्याला ते जहाजावर न्यायचं होतं. कारण भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे त्या काळी कळत नसे. बंदरावरची वेळ अचूक सांगणारं घड्याळ सोबत असेल, तर तिथल्या आणि इथल्या वेळेतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. घड्याळ ४ मिनिटं चुकलं तर हिशेब एका अंशानं चुकतो. विषुववृत्तावर हे अंतर होतं १११ किलोमीटर. खडकावर आपटायला एवढं पुरे.

एक घड्याळ बंद पडलं तर दुसरं चालू राहावं म्हणून त्यानं दोन घड्याळं शेजारी शेजारी टांगायची ठरवली. फेब्रुवारी १६६५ मध्ये तो किरकोळ आजारानं काही दिवस खोलीतच होता. काम नव्हतं, समोर ही दोन घड्याळं होती. तो बघत बसला.

तर झालं असं की दोन्ही लंबक अगदी एका तालात होते. एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे, आणि दोघांची टिकटिक एकाच क्षणी. मुद्दाम ताल बिघडवला, तरी साधारण अर्ध्या तासात दोघं परत जुळले. आधी वाटलं हवेमुळे होत असेल. मध्ये आडोसा धरून बघितला, फरक पडला नाही. घड्याळं एकमेकांपासून लांब टांगली, तेव्हा मात्र जुळणी संपली. शेवटी दोन खुर्च्यांवर लाकडाच्या पट्ट्या टाकून त्यावर घड्याळं लटकवली, आणि खुर्च्याच हलायला लागल्या. लंबकाचा बारीकसा धक्का लाकडातून दुसऱ्या लंबकापर्यंत पोचत होता. डोळ्याला न दिसणारा, पण दर झोक्याला बसणारा.

हायगेन्सला हा प्रकार भलताच आवडला. लंडनच्या रॉयल सोसायटीनं मात्र उलटा अर्थ काढला. एवढ्याशा हालचालीनं घड्याळाची चाल बदलत असेल, तर लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात त्याचा भरवसा काय? खरं सांगायचं तर शंका रास्त होती. लंबकाचं घड्याळ समुद्रावर कधीच टिकलं नाही. रेखांशाचा प्रश्न सोडवला तो जॉन हॅरिसननं, पुढच्या शतकात, लंबक नसलेल्या घड्याळानं.

आता चिपकडे येऊ. यूएसबी ३.० वरून सेकंदाला ५०० कोटी बिट येतात. एका बिटला वेळ मिळतो २०० पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. प्रत्येक बिट मधोमध वाचायचा, तर घेणाऱ्या चिपला पाठवणाऱ्याचा ताल हवा. पण केबलमधून डेटासोबत तो ताल वेगळा पाठवलेला नसतो. दोन्हीकडे आपापलं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा हजारांत एकाचा फरक धरला, तरी दोन मायक्रोसेकंदांत अख्खा एक बिट मागेपुढे होतो.

म्हणून चिप येणाऱ्या डेटाकडेच बघते. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला की तो बदल म्हणजे बारीकसा धक्का. आपलं घड्याळ त्याच्या पुढे आहे की मागे, हे सर्किट तपासतं आणि घड्याळ किंचित हळू किंवा जलद करतं. लाकडाच्या पट्टीचं काम इथे सर्किट करतं. नुसतेच शून्य येत राहिले तर धक्केच मिळणार नाहीत, म्हणून पाठवतानाच डेटा असा बदलून पाठवतात की बदल येत राहतील. काही सर्किटांत तर बाहेरचा सिग्नल सरळ घड्याळात सोडतात आणि ते आपोआप जुळतं, अगदी लंबकांसारखं. या जुळण्याचं गणित १९४६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी मांडलं. टीव्हीच्या वायरलेस रिमोटमागे जे इंजिनिअर होते, त्यांपैकीच हे एक.

इकडे हायगेन्स १६६६ मध्ये पॅरिसच्या नव्या विज्ञान अकादमीत गेला. १६७५ मध्ये त्यानं घड्याळासाठी गुंडाळीची स्प्रिंग आणली, त्यावरून रॉबर्ट हूकशी श्रेयाचं भांडण झालं. तब्येत वारंवार ढासळायची. १६८१ मध्ये तो द हेगला परतला तो कायमचाच. प्रकाशावरचा त्याचा ग्रंथ १६९० चा. ८ जुलै १६९५ ला तो गेला.

रॉयल सोसायटीची ती शंकाही अजून जिवंत आहे बरं का. एकाच चिपवर दोन ऑसिलेटर जवळ बसवले, तर ते नको असताना एकमेकांना ओढतात आणि डेटा चुकतो. मग इंजिनिअर त्यांना लांब बसवतात, मध्ये अडसर घालतात. हायगेन्सनंही घड्याळं लांब टांगूनच जुळणी तोडली होती.