पुसदच्या नगरपालिकेतून सचिवालयात

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संपादक मंडळानं मला एखाद्या मोठ्या माणसावर लिहायला सांगितलं, तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. मी मूळचा बीड जिल्ह्यातला. उभी नोकरी जिल्हा परिषदेत केली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे, इथे नवी मुंबईत राहायला आलो. दुष्काळातलं बालपण, जिल्हा परिषदेतली नोकरी आणि हे शहर, या तिन्ही ठिकाणी मला एकच माणूस भेटत गेला. वसंतराव नाईक. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण काही माणसं न भेटताही आपल्या आयुष्यात वावरत असतात.

त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावचा. वडील फुलसिंग हे बंजारा तांड्याचे नायक, त्यावरून घराण्याचं नावच नाईक पडलं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. रेल्वे आली आणि तो बसला. मग तांडे जमिनीला टेकले, शेती करू लागले. अशा तांड्यातला हा मुलगा शाळेसाठी आसपासच्या गावांत पायपीट करत शिकला, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेला आणि १९४० साली वकील झाला. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. बंजारा मुलगा आणि ब्राह्मण मुलगी. त्या काळात हे दोन्हीकडच्या लोकांना पचणारं नव्हतं. पण दोघंही ठाम राहिले, आणि ते लग्न आयुष्यभर टिकलं.

काही काळ अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली करून ते पुसदला परतले. पक्षकार बहुतेक शेतकरी आणि तांड्यावरचे लोक. फी मिळाली तर मिळाली! यातूनच सार्वजनिक काम सुरू झालं आणि १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते.

आता नगराध्यक्ष म्हटलं की आपल्याला फलक आणि हारतुरे आठवतात. पण लहान गावच्या नगरपालिकेत काम काय असतं, ते मला माहीत आहे. नळाला पाणी नाही, दिवाबत्ती बंद आहे, गटार तुंबलंय, शेजाऱ्यानं भिंत पुढे घेतलीय. आणि पट्टी भरा म्हटलं की तोच तक्रारदार तोंड फिरवतो. (आपल्या कमिटीच्या माजी पदाधिकाऱ्यांना हे वाचून हसू येईल!) रोज सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं, भाषण देऊन सुटका नसते. नाईकसाहेबांची सहा वर्षं या शाळेत गेली. ते बोलायला मवाळ, तोंडात पाइप, चेहऱ्यावर घाई नाही. हा शांतपणा पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुसदमधून ते आमदार झाले. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य आलं, त्यात आधी सहकार आणि मग कृषी खातं मिळालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि ते महसूलमंत्री झाले.

इथे माझ्या नोकरीची गोष्ट सुरू होते. जून १९६० मध्ये सरकारनं एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष नाईकसाहेब. खेड्यापाड्यांचा कारभार लोकांच्या हाती कसा द्यायचा, हे तिनं ठरवायचं होतं. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, त्यात २२६ शिफारशी. बळवंतराय मेहता समितीनं आधी तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीनं खरी ताकद जिल्ह्याला दिली, कारण शाळा, दवाखाने, रस्ते चालवायला लागणारा पैसा आणि माणसं तालुक्याला पेलणार नाहीत. आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. महसूलमंत्री म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा धनी. तरी या समितीनं जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळं पद आणलं. आमदार-खासदारांनाही परिषदेच्या सभासदत्वापासून दूर ठेवलं. आपल्याच खात्याचा हात आपणच आखडता घ्यायचा, हे सत्तेतल्या माणसाला सहसा जमत नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे राज्याच्या राजकारणातली कितीतरी माणसं याच सभागृहांतून तयार होऊन वर आली.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार गेले आणि ५ डिसेंबरला नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की हे मधल्या काळापुरते आहेत. ते सलग अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले.

काळ धान्यटंचाईचा होता. १९६५ साली पुण्याला शनिवारवाड्यासमोरच्या सभेत, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फासावर द्यावं, इथपर्यंत ते बोलून गेले. मग संकरित ज्वारीचा धडाका लागला. आमच्याकडे तिला नुसतं हायब्रीड म्हणत. दाणा भरपूर यायचा, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडायची आणि भाकरीला गावरान ज्वारीची चव नसायची. आमची आजी नाक मुरडायची आणि तीच भाकरी खायची, कारण ती पोटभर मिळत होती. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. पण दोन वर्षांचा तो शब्द काही खरा झाला नाही. बियाणं आणि खत सरकारच्या हातात होतं, पाऊस नव्हता.

आणि मग १९७२ आलं. मी तेव्हा सातवीत. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. आई रोज पाझर तलावाच्या कामावर जायची, डोक्यावर घमेलं, हाताला फोड. आम्ही पोरं खडी फोडायचो. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. मजुरीचं वाटप कधीकधी लांबायचं, मस्टरवर नावं इकडची तिकडे व्हायची, त्यावरून भांडणं व्हायची. हे सगळं खरं. पण गावात कुणी उपाशी मेलं नाही, हेही तितकंच खरं. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. एवढ्या माणसांना काम, मजुरी आणि पाणी पुरवायला गावोगाव माणसं लागतात. दहा वर्षांपूर्वी उभं केलेलं जिल्हा परिषदेचं आणि पंचायत समितीचं जाळं त्या वेळी कामाला आलं.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. नाईकसाहेबांच्या सरकारनं ती स्वीकारली. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आपल्यापैकी नोकरदार सभासदांच्या पगारातून दरमहा कापले जाणारे दोनशे रुपये म्हणजे तोच कर. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यायची, असा तो हिशोब. माझ्या पगारातूनही तो कापला गेला आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आता आपल्या घराकडे येतो. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेली खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना सरकारनं उचलली. ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं. ती भातशेतं आणि मिठागरं आगरी-कोळी कुटुंबांची होती आणि मोबदला तुटपुंजा होता. शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री म्हणवणाऱ्या माणसाच्या काळात हे झालं, हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली. आपल्या इमारतीचा पाया भरला गेला तो अशा जमिनीत. मुंबईतही त्यांच्यावर टीका झाली. बॅकबेच्या भरावावरून विरोधकांनी रान उठवलं. डाव्या कामगार संघटनांना शह द्यायला त्यांनी शिवसेनेला मोकळं रान दिलं असं म्हणत लोक तिला वसंतसेना म्हणू लागले. या आरोपांत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही.

फेब्रुवारी १९७५ मध्ये दिल्लीचा कौल फिरला आणि त्यांनी पद सोडलं. आदळआपट केली नाही. १९७७ च्या लाटेत काँग्रेसचे भलेभले पडले, पण वाशिममधून ते लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

सभासदहो, आपली सोसायटी म्हणजेही एक छोटी नगरपालिकाच. पाणी, दिवे, सफाई, लिफ्ट आणि थकबाकी. तरी कमिटीची निवडणूक आली की उमेदवार शोधत जिने चढावे लागतात. वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांत चालते. तरुण मंडळींना वेळ नाही, हे मी समजू शकतो. पण पाण्याच्या टाकीवरून चार माणसांची बोलणी खाऊन, तरीही दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात जाऊन काम पुरं करणं, हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. पुढच्या वर्षी कमिटीची मुदत संपतेय. अर्ज सेक्रेटरींकडे मिळतील. या वेळी तरी निवडणूक व्हावी, बिनविरोध नको!