खिळ्यांना वेग देणारा मुंबईकर : शंकर आबाजी भिसे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावीही आज सातबाराचा उतारा संगणकावरून निघतो. यंत्र सुरू होते, पडद्यावर अक्षरे उमटतात आणि कळफलकावर बोटे फिरू लागतात. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागे काही पूर्वतयारी असते याचा विचार सहसा मनात येत नाही. वस्तुतः अक्षरांचा संच, त्यांचा आकार आणि कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे याचा आराखडा संगणक सुरू होतानाच त्याच्या स्मृतीत भरला जातो. लिनक्स प्रणालीच्या केवळ मजकूर दाखवणाऱ्या साध्या पडद्यावर या संचात 256, फार तर 512 आकृत्यांना जागा असते. रोमन लिपीला ती पुरून उरते. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांनी समृद्ध असलेल्या देवनागरीची मात्र तेथे कोंडी होते.

ही कोंडी संगणकाने आणलेली नाही. शिशाचे खिळे एकेक करून जुळवणाऱ्या छापखान्यांनाही ती ठाऊक होती. इंग्रजी जुळाऱ्यासमोर मोजके खण असत, तर मराठी जुळाऱ्याला शेकडो खिळ्यांशी झुंजावे लागे. खिळे पाडण्याचे काम वेगाने आणि अचूक व्हावे, यासाठी ज्या मराठी माणसाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्याचे नाव शंकर आबाजी भिसे.

कचेरीतून प्रयोगशाळेकडे

भिसे यांचा जन्म 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत झाला. त्या काळची मुंबई ही मुद्रणाची नगरी होती. त्यांच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि देवनागरीच्या सुबक खिळ्यांसाठी तो देशभर नावाजला गेला. लहानग्या शंकरला मात्र सर्वच यंत्रांचे वेड होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने घरच्या घरी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले होते.

पुढे पोटासाठी सरकारी कचेरीत नोकरी धरली तरी मन प्रयोगांतच रमलेले असे. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमींचे मंडळ स्थापन केले आणि सामान्य वाचकाला यंत्र व विज्ञान यांची गोडी लागावी म्हणून ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी मासिक चालवले. एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर झाल्याचा भास निर्माण करणारे त्यांचे दृष्टिभ्रमाचे प्रयोग इंग्लंडमध्येही वाखाणले गेले.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती एका स्पर्धेने. साखर, पीठ यांसारखा किराणा माल आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राचा आराखडा लंडनच्या एका नियतकालिकाने मागवला होता. भिसे यांनी तो पाठवला आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून पारितोषिक मिळवले. मुंबईतील धुरिणांचे लक्ष या तरुणाकडे वळले. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला गेले आणि थेट दादाभाई नौरोजी यांच्यापुढे उभे राहिले.

लंडनमधील झुंज

भारतातून संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, याचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंना या तरुणाच्या बुद्धीचे मोल कळले. त्यांनी केवळ आशीर्वाद दिला नाही, तर पैसाही गुंतवला. भिसे यांनी जाहिराती उजळून दाखवणारे ‘व्हर्टोस्कोप’ हे यंत्र बनवले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडले गेले. स्वयंपाकघरातील उपकरणांपासून आपोआप पाणी सोडणाऱ्या शौचकुंडापर्यंत अनेक कल्पना त्यांनी साकारल्या. पण त्यांचे मन गुंतले ते खिळे पाडण्याच्या यंत्रात.

शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस अक्षराच्या साच्यात ओतायचा, तो थिजू द्यायचा आणि तयार खिळा बाहेर काढायचा, अशी ही प्रक्रिया. साचा जराही हलला तर अक्षर बिघडते, आणि रस पुरेसा थिजण्यापूर्वी खिळा काढला तर तो वाकतो. त्यामुळे वेग आणि अचूकपणा यांचा मेळ घालणे कठीण होते. भिसे यांनी तो घातला. ‘भिसोटाइप’ या नावाने प्रसिद्धी पावलेले त्यांचे यंत्र मिनिटाला सुमारे 1,200 खिळे पाडू शकत असे, असे त्या काळी नोंदले गेले. प्रचलित यंत्रांचा वेग याच्या कितीतरी मागे होता. लंडनच्या मुरब्बी ओतकामवाल्यांनी हे अशक्य मानले होते.

यंत्र सिद्ध झाले, तरी ते बाजारात आणण्यासाठी लागणारे भांडवल उभे राहिना. भारताविषयी सहानुभूती बाळगणारे इंग्रज समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी पैसा जमवण्याचा प्रयत्न केला, पण तो फळाला आला नाही. वार्धक्याने थकलेले दादाभाई 1907 मध्ये मायदेशी परतले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस भिसे यांनीही निराश मनाने परतीची बोट धरली.

बोटीवरची भेट

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. प्रवासातील या भेटीत गोखल्यांना भिसे यांच्या कामाचे महत्त्व पटले आणि त्यांनी जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. टाटा आणि भिसे यांच्या नावाने संशोधनासाठी संयुक्त संस्था उभी राहिली. भिसे पुन्हा लंडनला गेले आणि यंत्रात सुधारणा करू लागले. परंतु व्यापारी यश हाती येण्यापूर्वीच पहिले महायुद्ध भडकले, खर्च वाढत गेला आणि हा आधारही सुटला.

1916 मध्ये भिसे यांनी अमेरिकेचा मार्ग धरला. ज्या यंत्रासाठी आयुष्याची उमेद वेचली, त्याचे हक्क न्यूयॉर्कच्या एका कंपनीकडे गेले. पुढे स्वतःच्या नावाची खिळे पाडणाऱ्या यंत्रांची कंपनीही त्यांनी काढली. तरीही अमेरिकेत त्यांना अधिक आर्थिक यश मिळाले ते एका औषधाने. ‘अॅटोमिडीन’ हे आयोडीनचे द्रावण तेथे चांगले खपले. उत्तरायुष्यात ते अध्यात्माकडे वळले आणि परलोकाशी संवाद साधण्यासाठी टंकलेखन यंत्रासारखे एक उपकरणही त्यांनी तयार केले. अमेरिकी वृत्तपत्रे त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागली होती. 1930 मध्ये प्रत्यक्ष एडिसनशी त्यांची भेटही झाली. सुमारे 200 शोध आणि 40 एकस्वे त्यांच्या नावावर सांगितली जातात. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले काम

भिसे यांच्या बुद्धीला उणीव नव्हती. उणीव होती ती प्रयोगाची पहिली ठेच लागल्यावरही पाठीशी उभे राहणाऱ्या भांडवलाची आणि संस्थांची. दादाभाई, गोखले आणि टाटा यांच्यासारखी माणसे मिळूनही पारतंत्र्यातील देशात यंत्रोद्योगाचा पाया नव्हता. म्हणूनच त्यांचे शोध लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या बाजारपेठेवर अवलंबून राहिले. यंत्राच्या मुद्रणाची गती तेथील गरजांनी ठरली, आणि देवनागरीच्या शेकडो खिळ्यांचा प्रश्न मागे पडला.

त्याचे उत्तर मिळायला स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे जावी लागली. 1980 च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा समान कळफलक आखून दिला. पुढे युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ओळख मिळाली. शिशाचे खिळे केव्हाच भंगारात गेले आणि भिसोटाइपही इतिहासजमा झाले. मात्र यंत्र सुरू होताच कोणती लिपी सज्ज असावी, हे आजही कुणीतरी आधी ठरवून आणि खर्च करून ठेवलेले असते. तालुक्याच्या कचेरीत पडद्यावर मराठी उतारा उमटतो, तेव्हा मराठीसाठी ती तयारी झालेली असते. भिसे यांच्या हयातीत ती करणारे कोणी नव्हते.