श्रीगोंद्याचे शेख महंमद

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात गावोगावी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना म्हटली जाते. सर्व धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून ईश्वराला आळवावे, या कल्पनेचे येथे कोणास नवल वाटत नाही. मराठी भक्तिपरंपरेत ही वाट फार पूर्वीच मळली होती. ती मळणाऱ्यांत श्रीगोंद्याचे शेख महंमद अग्रगण्य होत.

हे संतकवी जन्माने मुसलमान. सूफींच्या कादरी पंथाशी त्यांच्या घराण्याचा संबंध होता. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना गुरुस्थानी मानून श्रीगोंद्यास आणले, असे सांगतात. १६४५ मध्ये त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यातील रणांगण मनाचे आहे. जीवाने विकारांशी मांडलेले ते युद्ध होय.

ग्रंथापेक्षा अभंग अधिक दूर जातो. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही तो कंठी बसतो. शेख महंमदांनी अभंगही रचले. आपण अविंध, म्हणजे कान न टोचलेले, अर्थात मुसलमान आहोत, हे त्यांनी काव्यात लपविले नाही आणि विठ्ठलभक्तीही लपविली नाही. ईश्वर एकच व निराकार, हा सूफी घराण्यातून आलेला विश्वास त्यांनी वारकऱ्यांच्या छंदांतून मांडला. क्षुद्र दैवतांचे नवस, पशुबळी आणि दांभिक गुरू यांवर त्यांनी कठोर प्रहार केले.

अशा पुरुषाचा गौरव करताना मुसलमान असूनही संत, असे सहजपणे म्हटले जाते. या एका ‘असूनही’मध्ये त्यांच्यावरील मोठा अन्याय दडला आहे. संतपद मिळविण्यासाठी त्यांनी आपला धर्म दाराबाहेर ठेवला, असा त्याचा ध्वनी निघतो. वस्तुतः घरातून मिळालेली एकेश्वरनिष्ठा हीच त्यांच्या भक्तीची शिदोरी होती. ती सोबत घेऊनच ते पंढरीच्या वाटेला लागले, आणि त्या वाटेनेही त्यांना ती टाकून देण्यास सांगितले नाही.

संतांची नामावळी शिकविताना शेख महंमदांचे नाव अखेरीस, सौजन्य म्हणून जोडण्याचे कारण नाही. तुकोबा व समर्थ यांच्या काळातील त्या मालिकेत त्यांची जागा त्यांच्या शब्दांनी मिळविलेली आहे.