नामदार गोखले आणि खेड्यातील शाळेचा खर्च

१९ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मताला पडले. ते चिकित्सा समितीकडे पाठवावे एवढीच मागणी होती. ती १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. सक्तीच्या शिक्षणासाठी झालेला एक उदात्त पराभव म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत या प्रसंगाचा उल्लेख येतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः त्या दिवशी सक्तीइतकाच किंवा त्याहून अधिक वाद पैशाचा होता. खेड्यातील शाळेचा खर्च कोणी आणि किती उचलायचा, या प्रश्नाला गोखल्यांनी एक नेमके उत्तर दिले होते. त्यांचे सारे आयुष्य त्या उत्तराकडे जाणारे आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या आजोळच्या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ मध्ये ते वारले आणि घरात मिळवते कोणी उरले नाही. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत कागलचा प्रपंच चालवीत. गोखल्यांच्या चरित्रकारांनी हा आकडा बंधुप्रेमाचा दाखला म्हणून दिला आहे, आणि तो तसा आहेच. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याला आणखी एक अर्थ आहे. एका मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंबाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खर्ची पडत होते आणि त्यासाठी दुसऱ्या मुलाचे शिक्षण थांबले होते. ज्या घरात गोविंदराव नव्हते, त्या घरातील गोपाळचे काय झाले असेल, हा विचार गोखल्यांना पुढे सुचला असल्यास नवल नाही.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. वकिली किंवा सरकारी नोकरी करून घरचे कर्ज फेडावे, अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे ते बंधन होते. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे जे वाट्याला येईल ते शिकविले. अंकगणितावरचे त्यांचे क्रमिक पुस्तक तर कित्येक पिढ्यांनी गिरविले. कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत ते दारोदार फिरले. लोकांच्या वर्गणीतून एखादे उत्तम कॉलेज उभे राहू शकते, पण देशभरच्या लाखो खेड्यांतील शाळा उभ्या राहू शकत नाहीत, हे त्यांना या अनुभवाने शिकविले असावे.

याच काळात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचावयास शिकविले. ही विद्या रूक्ष खरी, पण तिचे फळ मोठे होते. सरकारच्याच आकड्यांतून सरकारला प्रश्न विचारण्याची ती पद्धत होती. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये साक्ष देताना तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने ती प्रथम वापरली.

१९०२ मध्ये गोखले वरिष्ठ कायदेमंडळात आले आणि अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिलेच भाषण गाजले. त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिलकी होती आणि अधिकारी वर्ग ती सुबत्तेची खूण मानीत होता. गोखल्यांनी ती शिल्लक उलगडून दाखविली. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या होत्या आणि रुपयाचा भाव पुढे १६ पेन्सांवर आणून ठेवला गेला होता. रुपया महाग झाल्यामुळे विलायतेला पाठवावयाच्या रकमांसाठी सरकारला कमी रुपये लागू लागले. शेतकऱ्याचा सारा आणि मिठावरील कर मात्र रुपयांत होता तेवढाच राहिला. अर्थात ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेतून आलेली नव्हती. प्लेग आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त घेतले गेले, म्हणून ती उरली होती. ती लष्कर आणि रेल्वे यांवर घालण्यापेक्षा कर कमी करावेत आणि शिक्षणासारख्या गोष्टींवर खर्च वाढवावा, असा त्यांचा आग्रह होता. मिठावरील कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरला आणि १९०७ मध्ये मणाला अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. शिक्षणाच्या बाबतीत मात्र तिजोरीची दारे फारशी उघडली नाहीत.

खेड्यातील मनुष्य शिक्षणासाठी काहीच देत नाही, असा एक समज तेव्हाही होता. मुंबई इलाख्यात साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी शेतकरी १८६० च्या दशकापासून देत होता आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी होता. रयतेकडून वसूल होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. फुले आणि गोखले यांची घडण, भाषा, आणि अनुयायी सर्वस्वी वेगळे. तरीही तीस वर्षांच्या अंतराने दोघांचे बोट जमाखर्चाच्या एकाच रकान्यावर पडले, याची नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

१९१० च्या मार्चमध्ये गोखल्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारच्या आश्वासनावर तो मागे घेतला. त्याच वर्षी शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले. एवढ्याने समाधान न झाल्याने १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी चार वर्षांचे शिक्षण, दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या पालकांना फीची माफी आणि स्थानिक संस्थांना शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा, अशा त्यातील तरतुदी होत्या. खर्चाची वाटणी मात्र गोखल्यांनी स्पष्ट सांगितली होती. दोन वाटे सरकारने उचलावेत आणि एक वाटा स्थानिक संस्थेने. कारण उघड होते. उत्पन्नाची भरघोस साधने सरकारच्या हाती आणि जिल्हा लोकल बोर्डाच्या हाती फक्त पट्टी. लोकल बोर्ड जितके दरिद्री, तितकी शाळांची गरज जास्त आणि पट्टीचे उत्पन्न कमी. हा पेच वरून आलेल्या पैशाशिवाय सुटत नाही.

विधेयकात एक उणीव होती आणि गोखल्यांविषयी आदर ठेवूनही ती सांगितली पाहिजे. शाळेत जाण्याच्या वयातील निदान ३३ टक्के मुले जेथे आधीच शाळेत आहेत, तेथेच सक्ती लागू करता यावी, अशी त्यांची अट होती. शाळा नसताना सक्ती करणे हा जुलूम होईल, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु जेथे शाळाच नाही, तेथे ३३ टक्के मुले शाळेत असणार कोठून? म्हणजे लाभ प्रथम शहरांना, मग मोठ्या गावांना आणि कोतळूकसारख्या खेड्याला सर्वांत शेवटी. सरकारला पटावे म्हणून गोखल्यांनी विधेयक जेवढे सौम्य केले, तेवढे ते खेड्यापासून दूर गेले. आणि सरकारला ते पटलेही नाही.

बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, नवी पट्टी लोकांना रुचणार नाही, ही कारणे पुढे आली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. त्यावर देशी राजाला जे साधते ते परक्या सरकारला साधणार नाही, असे उत्तर मिळाले. प्रजेवर सारा बसविताना हे परकेपण कधी आड आले नव्हते. पंडित मालवीय आणि बॅरिस्टर जिना हे दोघेही गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. परंतु कायदेमंडळात बहुमत सरकारी सभासदांचे होते, आणि निकाल काय लागणार हे गोखले आधीपासून जाणून होते.

हा हिशेब जुना झालेला नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तेव्हा सर्व शिक्षा अभियानातील केंद्र आणि राज्ये यांची वाटणी ६५ आणि ३५ अशी ठरली होती. गोखल्यांच्या दोनास एक या प्रमाणाच्या ती जवळजवळ बरोबर होती. पुढे बहुतेक राज्यांसाठी ती ६० आणि ४० झाली. गोखल्यांच्या अटीचे भावंडही आज पटसंख्येच्या रूपाने भेटते. डोंगरातील वाडीवरच्या शाळेत मुले थोडी, म्हणून ती बंद करावी किंवा दुसरीत विलीन करावी, असा विचार वारंवार डोके वर काढतो. दर मुलामागे खर्च जास्त येतो, हे गणित चूक नाही. पण वाडी विरळ आहे यात त्या मुलाचा काय अपराध?

पराभवानंतर गोखले तीनच वर्षे जगले. मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नाने उरलेली शक्ती घेतली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या कोल्हापुरात ते ८ रुपयांवर शिकले, तेथे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. खेडी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांच्या वाढीव खर्चाचा दोन तृतीयांश भाग देण्याचे सरकारने अखेर मान्य केले. हे प्रमाण गोखल्यांचेच होते. नंतर पैशाची टंचाई पुढे करून सक्तीच्या योजना लांबणीवर पडत गेल्या, आणि लोकल फंडाची पट्टी मात्र साऱ्याबरोबर दरसाल वसूल होत राहिली.