बावरी : गोदाकाठचा गुरू आणि त्याचे सोळा शिष्य

दरवर्षी अशोक विजयादशमीला देशभरातून लाखो लोक आमच्या नागपुरात दीक्षाभूमीवर येतात. मग थंडी पडू लागली की आमच्याच वस्त्यांमधून बोधगया, राजगीर, श्रावस्तीकडे धम्मसहलीच्या गाड्या निघतात. आपल्या मातीतून बुद्धाच्या भेटीला सर्वांत आधी कोण गेले असेल, असा प्रश्न तरुण मुले विहारात विचारतात. त्याचे उत्तर पाली साहित्यातील सुत्तनिपात या ग्रंथात, पारायनवग्गात मिळते. ती कथा बावरीची आहे.

बावरी मूळचा कोसल देशाचा. तीन वेदांत पारंगत असलेला हा ब्राह्मण आचार्य. अट्ठकथेनुसार तो राजा प्रसेनजिताचा गुरू होता. राजदरबारचे वैभव सोडून तो दक्षिणापथाला आला आणि अस्सक व अळक या प्रदेशांच्या लगत, गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहिला. वेचलेले धान्य आणि फळे यांवर त्याचे पोट भरे. पुढे जवळच्या गावाची भरभराट झाली. त्या गावाच्या उत्पन्नातून त्याने मोठा यज्ञ केला आणि जवळचे सारे वाटून टाकले.

यज्ञ आटोपून तो आश्रमात परतला, तोच एक ब्राह्मण दारात आला. पाय सुजलेले, डोके धुळीने भरलेले. त्याने पाचशे मुद्रा मागितल्या. बावरीजवळ काहीच उरले नव्हते. त्याने तसे नम्रपणे सांगितले. त्यावर आलेल्याने शाप दिला की सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील.

बावरीने अन्न सोडले. तो झुरू लागला. आयुष्यभर मंत्र शिकवलेला एकशे वीस वर्षांचा विद्वान एका भोंदूच्या शब्दाने खचला. ही गोष्ट आम्हाला फार जुनी वाटत नाही. करणी, भानामतीच्या भीतीने आजही माणसे अशीच खचतात. म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

कथेत एक देवता बावरीला धीर देते. शाप देणारा धनाचा लोभी आहे, डोके म्हणजे काय आणि ते फुटणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही, असे ती सांगते. हे जाणणारा शाक्यकुळातला बुद्ध श्रावस्तीत आहे, हेही तिच्याकडूनच कळते. बावरीने आपल्याला हे माहीत नाही, हे मान्य केले. वयामुळे त्याला स्वतः जाणे शक्य नव्हते. मग अजित, तिस्स मेत्तेय्य, पुण्णक, मोघराज, पिंगिय अशा सोळा शिष्यांना त्याने पाठवले.

ते ज्या वाटेने गेले ती व्यापाऱ्यांच्या तांड्यांची वाट होती. पुढे सातवाहनांची राजधानी झालेले प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, नर्मदाकाठची महिष्मती, उज्जयिनी, गोनद्ध, विदिशा, वनसव्हय, यमुनेवरील कोसंबी, साकेत आणि श्रावस्ती. तिथून सेतव्या, कपिलवस्तू, कुशिनारा, पावा, भोगनगर, वैशाली अशी हिमालयाच्या पायथ्याजवळून वळत जाणारी वाट धरून ते मगधात राजगृहाजवळच्या पाषाणक चैत्याला पोहोचले. तिथे त्यांना बुद्ध भेटले.

बुद्धांनी शापाची भीती एका उत्तरात संपवली. अविद्या हेच ते डोके, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी व वीर्य यांची जोड असलेली विद्या ते फोडते, असा त्या उत्तराचा आशय आहे. मग सोळाही जणांनी एकेक करून आपले प्रश्न विचारले. जग कशाने झाकले आहे? यज्ञ करणारे जरामरणाच्या पार जातात का? बुद्धांनी कोणालाही गप्प बसवले नाही.

सर्वांत वृद्ध होता पिंगिय. त्याला नीट दिसत नव्हते, नीट ऐकू येत नव्हते. अट्ठकथा त्याला बावरीचा भाचा म्हणते. मागे राहिलेल्या मामाच्या विचाराने त्याचे चित्त पूर्ण एकाग्र झाले नाही, असेही ती सांगते. तोच पिंगिय गोदावरीकाठी परतला आणि ऐकलेले सारे त्याने बावरीला सांगितले. ते ऐकून बावरी अनागामी झाला, अशी परंपरा आहे.

प्रश्नोत्तरांचा भाग अतिप्राचीन आहे, तर बावरीच्या कथेच्या गाथा नंतर जोडल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही त्यातली नगरे खरी आहेत आणि अस्सकही खरे आहे. आमच्या नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात अडम येथे झालेल्या उत्खननात अस्सक जनपदाचे नाव असलेली मुद्रा मिळाली. तिथून जवळच, भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात भव्य स्तूप उजेडात आला. धम्म या भूमीत किती खोल रुजला होता, याची ही साक्ष आहे.

बावरी स्वतः बुद्धांना कधीच भेटला नाही. माहीत नाही हे त्याने मान्य केले, शिष्यांना विचारायला पाठवले, आणि एक म्हातारा माणूस ते ऐकून परत आला, म्हणून धम्म त्याच्यापर्यंत पोहोचला. आपल्याही घरात एखादी आजी असते, जिला गुडघ्यांमुळे सहलीला जाता येत नाही. तरुण मित्रांनो, राजगीरहून परतताना फोटो आणि मूर्ती जरूर आणा. पण जाताना एक खरा प्रश्न सोबत न्या, आणि घरी आल्यावर त्या आजीजवळ बसून काय पाहिले, काय समजले ते सांगा. पिंगियने तेच केले होते.

नमो बुद्धाय, जय भीम!