आगकाड्यांना नाचवणारे दादासाहेब

मागच्या मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या महिला मंडळाने मुलांचं शिबिर घेतलं होतं. गॅदरिंगमध्ये बसवलेला कालियामर्दनाचा नाच कार्टून करून दाखवायचा, असं मुलांनीच ठरवलं. मातीचा कृष्ण केला, नाग केला. पाय जरासा हलवायचा, मोबाईलवर फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. दोनशे फोटो काढून झाले आणि चित्र चाललं किती? जेमतेम सतरा सेकंद! मुलं हिरमुसली. तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले.

दादासाहेब म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' एवढंच ठाऊक असतं. पण मैत्रिणींनो, १९१५ साली याच माणसाने 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता. साध्या काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर आपल्याआप हलायच्या. तेव्हा सेकंदाला साधारण सोळा चित्रं लागत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळाला जवळजवळ हजार वेळा काड्या सरकवायच्या आणि हजार वेळा कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं. संगणक नाही. पहिल्या महायुद्धाचे दिवस, पैशांची चणचण, कच्ची फिल्म परदेशातून यायची. मोठा चित्रपट करणं कठीण, म्हणून हाताशी जे होतं त्यातून त्यांनी हा खेळ मांडला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईचं जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, सगळं शिकले. जादूचे प्रयोगसुद्धा करायचे, आणि त्यासाठी आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतलं होतं! गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत असताना प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, त्या सरस्वतीबाई.

मुंबईत १९११ साली ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या कृष्णाची, रामाची गोष्ट अशी का दिसू नये, या विचाराने त्यांना पछाडलं. दुसऱ्यांदा पाहायला गेले ते सरस्वतीबाईंना घेऊन. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि वाचून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, यंत्राची माहिती घेतली, कॅमेरा मागवला.

आल्यावर पैसे कोण देणार? लोकांना पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि रोज थोडंथोडं चित्रण केलं. महिनाभराने ते दाखवलं तर बघता बघता कोंब फुटतो, वेल वर चढते! हीच ती युक्ती, जी पुढे आगकाड्यांना लावली. पैसे मिळाले, तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

दागिने देऊन त्या घरात बसल्या नाहीत. फिल्मला कडेने भोकं पाडायचं काम अंधारात करावं लागे, ते त्या करत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. श्रेयनामावलीत असल्या कामाला तेव्हा जागाच नव्हती.

'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात लागला. तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही, हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवली. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावणारी मोहिनी! नाटकातल्या बायांनाच लोक नावं ठेवत त्या काळात या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, याचं मला फार कौतुक वाटतं.

थोडं आधी, तिकडे रशियातही एकाला हाच ध्यास लागला होता. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात अलेक्झांडर शिर्यायेव नावाचे बॅले नर्तक होते. बॅलेचं चित्रण करायची परवानगी व्यवस्थापनाने नाकारली. तेव्हा या गृहस्थांनी कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या केल्या, आत तारा घातल्या आणि घरीच एकेक पाऊल हलवत अख्खे नाच फिल्मवर उतरवले. ते चित्रपट जगासमोर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसावी.

दादासाहेबांनी १९१९ मध्ये 'कालियामर्दन' काढला. कृष्ण झाली त्यांची सात वर्षांची लेक मंदाकिनी. सुरुवातीला नुसता तिचा चेहरा दिसतो, हसणं, रडणं, रुसणं, आणि मग हळूच त्या जागी मुकुटातला कृष्ण येतो. यमुनेत नागाशी झुंज, मग त्याच्या फण्यावर नाच. पोटच्या पोरीला असं पाण्यात उतरवताना सरस्वतीबाईंच्या जिवाचं काय झालं असेल, ते आईच जाणे.

पुढचे दिवस चांगले नव्हते. भागीदारांशी पटेना, कंपनी सोडून काशीला गेले, नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आला आणि त्यांचं तंत्र जुनं ठरलं. शेवटचा 'गंगावतरण' १९३७ मध्ये कोल्हापूरला केला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले, तेव्हा त्या व्यवसायाला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालापासून.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांना 'कालियामर्दन'चा तुकडा दाखवला. आधी आवाज का नाही म्हणून कुरकुर चालली होती. कृष्ण नागाच्या डोक्यावर चढला तशी सगळी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी शिबिर संपलं होतं, तरी चौघं जण उरलेली माती मागायला माझ्या दारात हजर!