पिशवी गेली, पण बाई वाचली

बाळंतपणं करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला अशा काही रात्री येतात, की ऑपरेशन थिएटरचं दार उघडून बाहेर यायलाच नको वाटतं. माझ्याही आल्या. त्यातली एक अजून विसरता येत नाही. दुसरं सिझर होतं. वार पहिल्या सिझरच्या व्रणावर घट्ट चिकटलेली. बाळ रडलं, सगळ्यांना हायसं वाटलं आणि त्यानंतर जे रक्त सुरू झालं ते थांबेना. इंजेक्शनं झाली, टाके झाले, रक्ताच्या बाटल्या चढल्या. शेवटी पिशवी काढली. बाई वाचली.

बाहेर आले तर तिच्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, की असं काही होऊ शकतं हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत? मुलाची सही घेतलेली होती, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या सहीत नव्हतं. घरी आले तेव्हा पहाट झाली होती. झोप काही आली नाही. डोळ्यांसमोर एकच नाव येत होतं, एदोआर्दो पोरो.

सामान्य माणसाला हे नाव फारसं माहीत नसेल. पण बाळंतपणाच्या शास्त्रात सगळे त्यांना ओळखतात. सिझरच्या वेळी पिशवी काढून बाईचा जीव वाचवण्याच्या ऑपरेशनला आजही पोरोंचं नाव लावलं जातं.

पोरोंचा जन्म १८४२ सालचा, इटलीतल्या पाडुआ शहरातला. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं आपल्या मराठी घरांना काही नवी नाहीत. त्याच धामधुमीत हा मुलगा वाढला. १८६५ साली पाविया विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांमध्ये सामीलही झाला. पुढे मिलानच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी केली आणि १८७५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, पाविया विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परत आले.

त्या काळी सिझर म्हणजे काय होतं, हे आज आपल्याला कल्पनेतही आणवत नाही. भूल होती, पण पिशवी शिवायची पद्धतच नव्हती. बाळ काढायचं, वार काढायची आणि पिशवी तशीच उघडी ठेवून वरचं पोट शिवायचं. पिशवी आपोआप आकसेल आणि रक्त थांबेल, अशी समजूत होती. आत टाके घातले तर ते पुन्हा काढणार कसे आणि त्यांनी जखम चिघळली तर, ही भीतीही होतीच. परिणाम एकच. बाई रक्तस्रावानं जायची, त्यातून वाचली तर जंतुसंसर्गानं. १८७६ पर्यंतच्या जवळजवळ नव्वद वर्षांत पॅरिसमध्ये सिझर झालेली एकही बाई वाचली नव्हती, असं वैद्यकाचा इतिहास सांगतो. पावियाचीही तीच कथा. म्हणून डॉक्टर सिझरचं नाव काढायलाच कचरायचे. बाळ अडलं तर पोटातच त्याचे तुकडे करून आईला सोडवायचे. वाचतानाही अंगावर काटा येतो ना? पण आईला जगवायचा तोच त्यातल्या त्यात बरा मार्ग होता.

इथे थोडं पिशवीबद्दल सांगायला हवं. दिवस भरत आले की बाईच्या पिशवीतून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. पिशवीचे स्नायू एकमेकांत विणलेले असतात. ते आवळले की या वाहिन्या जणू गाठ मारल्यासारख्या बंद होतात. निसर्गाची ही सोय एरवी चोख चालते. पण पिशवी थकून ढिली पडली, किंवा वार सुटलीच नाही, तर काही मिनिटांत बाईच्या जिवावर बेततं. सिझरमध्ये तर पिशवीला आपण स्वतःच मोठा छेद दिलेला असतो.

पोरोंनी हा प्रश्न वेगळ्या बाजूनं बघितला. रक्त येतंय पिशवीतून, चिघळतेही तीच. मग ती आत ठेवायचीच कशाला? ही कल्पना तशी अगदी नवी नव्हती. प्राण्यांवर प्रयोग झाले होते. अमेरिकेत बोस्टनच्या होरेशिओ स्टोरर यांनी १८६८ साली रक्त थांबेना म्हणून सिझरमध्ये पिशवी काढली होती. ती बाई तीन दिवसांत गेली. पण अडचणीत सापडून पिशवी काढणं वेगळं आणि आधीपासून विचार करून, तयारी ठेवून काढणं वेगळं. पोरोंनी दुसरं केलं.

१८७६ च्या वसंतात त्यांच्याकडे जुलिया काव्हालिनी नावाची पंचवीस वर्षांची बाई आली. पहिलटकरीण. लहानपणी मुडदूस झालेला, त्यामुळे हाडं वाकलेली, उंची पाच फुटांपेक्षाही कमी. कंबरेच्या हाडांतली वाट इतकी अरुंद, की त्यातून बाळ येणं शक्यच नव्हतं. म्हणजे सिझर ठरलेलं आणि त्या काळच्या अनुभवानुसार तिचं मरणही ठरलेलं. बाळंतपणाला अवकाश असतानाच तिला दाखल करून घेतलं होतं. त्या दिवसांत पोरोंनी विचार केला, हत्यारं जमवली, सहकाऱ्यांना कामं नेमून दिली. लिस्टरची जंतुनाशक पद्धत तेव्हा युरोपात नुकती पसरू लागली होती. त्यांनी कार्बोलिक अॅसिडनं हात आणि हत्यारं धुण्याची व्यवस्था केली.

२१ मे १८७६ ला कळा सुरू झाल्यावर ऑपरेशन झालं. बाळ निघालं, मुलगी, जिवंत. आणि भीती होती तसं रक्त सुरू झालं. पोरोंनी पिशवीच्या मानेभोवती तारेचा फास टाकला, तो आवळला आणि वरची पिशवी बीजांडांसकट कापून काढली. रक्त थांबलं. उरलेला भाग आत न सोडता पोटाच्या जखमेत बाहेर आणून ठेवला, म्हणजे चिघळला तरी विष पोटात पसरू नये. पोट चांदीच्या तारेनं शिवलं. पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत, ताप होता. पण जुलिया जगली. पावियाच्या त्या दवाखान्यातून सिझर झालेली बाई पहिल्यांदाच आपल्या पायांनी घरी गेली.

पोरोंनी त्याच वर्षी सगळी हकिगत छापली आणि बघता बघता युरोपभर हे ऑपरेशन होऊ लागलं. सुरुवातीच्या वर्षांत पोरोंच्या पद्धतीनंही निम्म्याहून जास्त बायका दगावत होत्या, हे विसरून चालणार नाही. पण शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणी जात असताना निम्म्याच्या जवळपास वाचणं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

तरीही किंमत जबर होती. ज्या बाईचं सिझर, तिला पुढे मूल नाही. आणि पहिलटकरणीचं बाळ गेलं तर? हा सल जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स झेंगर या तरुण डॉक्टरनं दूर केला. १८८२ मध्ये त्यांनी पिशवीला थर जुळवून बारीक टाके घालायची पद्धत मांडली. पिशवीही राहते आणि रक्तही थांबतं. आज सिझरमध्ये आम्ही पिशवी शिवतो, ती त्याच वाटेनं पुढे आलेली आहे. पोरोंचं ऑपरेशन मागे पडलं, पण संपलं नाही. सगळे उपाय थकले की शेवटचा उपाय म्हणून ते उभंच आहे.

पोरो नंतर मिलानला गेले, तिथल्या प्रसूतिगृहाची आणि सुइणींच्या शाळेची सूत्रं सांभाळली, इटलीच्या सिनेटचे सदस्यही झाले. १९०२ साली मिलानमध्ये ते वारले.

मला पोरो मोठे वाटतात ते त्यांच्या हातातल्या तारेच्या फासामुळे नाही, तर त्या आधीच्या दिवसांमुळे. रक्त वाहायला लागल्यावर काय करायचं, ते त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं. आणि नेमकं तिथेच मी त्या सासूबाईंच्या बाबतीत कमी पडले होते. सोनोग्राफीत वार खाली आहे हे दिसलं होतं. माझी तयारी होती, रक्त मागवून ठेवलं होतं. पण घरच्यांना आणि खुद्द त्या मुलीला समोर बसवून काय काय होऊ शकतं, हे मी समजावलं नव्हतं. घाबरतील म्हणून. चूक माझीच होती. त्यानंतर मी ती पुन्हा केली नाही.

आज आमच्या हातात पोरोंकडे नव्हतं असं बरंच आहे. बाळ बाहेर येताच पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन देतो, वार हातानं ओरबाडत नाही, नाळ हलकेच ओढून सुटू देतो. रक्त जास्त जायला लागलं तर तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड देतो. ढिल्या पिशवीला बाहेरून आवळून धरणारे टाके आहेत. बी-लिंच यांनी ते १९९७ साली जगापुढे मांडले आणि कितीतरी जणींच्या पिशव्या वाचल्या.

पण निम्मं काम ऑपरेशनच्या आधीचं असतं, मैत्रिणींनो, आणि ते तुमच्या हातात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. अंगात रक्तच कमी असेल, तर थोडंसं गेलेलंही जड जातं. म्हणून लोहाच्या गोळ्या कंटाळा न करता घ्या. आधी सिझर झालं असेल तर वार कुठे आहे, हे सोनोग्राफीत आवर्जून विचारा. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असेल, तर दुसऱ्या सिझरच्या वेळी शंभरात साधारण अकरा जणींची आणि तिसऱ्या वेळी चाळीस जणींची ती पिशवीत रुतलेली असू शकते. अशा वेळी जिथे रक्तपेढी जवळ आहे, तिथेच नाव घाला. मुहूर्तासाठी किंवा कळा नकोत म्हणून सिझर मागण्याआधी पुढच्या बाळंतपणाचाही विचार करा. आणि सिझरनंतर पॅड भराभर भिजत असतील, चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर गप्प पडून राहू नका, नर्सला हाक मारा.

पिशवी गेलेली ती माझी पेशंट नंतर मुलाला घेऊन दाखवायला आली होती. सोबत सासूबाईही होत्या. नातू कडेवर, सून शेजारी. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना फक्त सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.